न समजल्याचे संत्रे

वानखडे सरांची आणि माझी पहिली गाठ त्यांच्या वर्गात पडली, तीही माझी फजिती होऊन. मूर्तिजापूरहून मी अमरावतीच्या कॉलेजात नुकतीच आले होते. इंग्रजीचे व्याकरण पाठ होते. पण ‘डोन्ट बीट अराउंड द बुश’ म्हटले की झुडपाभोवती काठी आपटत फिरणारा माणूसच डोळ्यांसमोर येई. सरांनी नेमके तेच वाक्य फळ्यावर लिहिले आणि ‘समजलं?’ म्हणून विचारले. सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. सरांनी मलाच उभे करून अर्थ विचारला आणि मी झुडूप, काठी असे काहीतरी पुटपुटले.

‘मंग मान कावून हालवून राहिली होती?’ सर म्हणाले. ‘नाई समजलं म्हण, आन् संत्र घेऊन जाय.’

टेबलावर खरोखरच संत्र्यांची पिशवी होती. शेंदूरजनाघाटला सरांची बाग आहे. बहार असेपर्यंत ती पिशवी वर्गात येई. बरोबर उत्तराला त्यातले काही मिळत नसे. संत्रे मिळे ते ‘नाही समजलं’ म्हणणाऱ्याला. हुशार मुले फुगून बसत. प्राचार्यांना तर हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. पण हळूहळू मागच्या बाकांवरचे हात वर होऊ लागले.

वाक्प्रचाराचा अर्थ सर लगेच सांगत नसत. ‘हे कोण कोणाले म्हणून राहिलं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असे. एकदा माझी आई डबा घेऊन आली. ती मूर्तिजापूरच्या बाजारात भाजी विकायची. सरांनी तिला वर्गात बोलावून स्वतःची खुर्ची दिली आणि विचारले, ‘वहिनी, गिऱ्हाईक इकडचं तिकडचं बोलून राहिलं, भावाचं नावच नाई घेत, त तुमी काय म्हणता?’

आई लाजत म्हणाली, ‘घोळ नको घालू बाई, घ्याचं असन त सांग.’

माझ्या डोळ्यांसमोरचे झुडूप त्या दिवशी गेले. आईला त्या खुर्चीचे अप्रूप आजही आहे.

मी आता अकोल्यात इंग्रजीच शिकवते. सरांचा नियम माझ्याही वर्गात चालतो. हे सारे अभिमानाने लिहिता येते. वाईट वाटते ते पुढचे.

सरांची नात रेवा मेलबर्नला असते. तिथेच जन्मली, तिथेच शिकते. गेल्या हिवाळ्यात मी सरांकडे बसले असताना तिचा नेहमीचा रविवारचा फोन आला. ‘लो-की’, ‘नो कॅप’, ‘आय ॲम डेड’ असे काय काय ती भराभर बोलत होती. सर मान हलवत होते, ती हसली की हसत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘मेली असं कावून म्हणे वं थे?’

फार हसू आले की हल्लीची मुले तसे म्हणतात, असे मी सांगितले. ‘पण सर, तिलाच विचारायचं होतं ना.’

‘जल्मभर इंग्रजी शिकवलं म्या. पोरगी काय म्हणन? आन् दर वाक्याले विचारत बसलो त कंटाळन. मंग फोनच नाई करत थे.’

फोन तरीही कमी होत गेले. पूर्वी बोलण्याच्या नादात सरांचा चहा गार व्हायचा. आता चहा संपण्याआधी बोलणे संपते.

सरांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या गौरव अंकातल्या या लेखासाठी मी रेवाशी बोलले. आजोबांशी बोलणे कमी का झाले, असे विचारले. ती म्हणाली, ‘आजोबांचं मराठी मला अर्धं कळतच नाही. मी नुसतं हो हो म्हणते. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल ना?’

मला रडूच आले. दोन्हीकडे माना हलत होत्या, दोन्हीकडे माया होती, आणि ज्यांनी आम्हा शेकडो मुलांची भीड मोडली त्यांच्याच घरी ही भीड ठाण मांडून बसली होती. इतके रविवार फुकट गेले, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

रेवा सत्काराला येणार आहे. सर, आपणांस उत्तम आरोग्य लाभो, आणि नातीशी पोटभर बोलायला पुष्कळ वर्षे मिळोत. त्या दिवशी शालीबरोबर मी संत्र्यांची पिशवी आणणार आहे. त्यातली पहिली दोन संत्री आपली आणि रेवाची. ती मिळवायला काय म्हणावे लागते, ते मी रेवाला सांगून ठेवले आहे. आपणांला सांगण्याची गरज नाही.