सारंगकाकांची आकाशातली बोट

अंतराळात भरकटलेल्या माणसांची मनापासून काळजी करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो रत्नागिरीत आमच्या शेजारी राहत होता. मालवाहू बोटींवर तीस वर्षं खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, म्हणून काढलेली. त्यामुळे त्यांचं खरं नाव गाव विसरलं होतं, बहुधा तेही विसरले होते. आम्ही त्यांना सारंगकाकाच म्हणायचो.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे नुकताच टीव्ही दिसायला लागला होता. दिसायला म्हणजे, माझी बायको अंगणात उभी राहून अँटेना फिरवायची आणि मी खिडकीतून ‘हां, आता माणूस दिसला’ म्हणून ओरडायचो. रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची, वीसेक वर्षांपूर्वीची. यान वाट चुकलंय आणि आतली माणसं घर शोधतायत, एवढीच गोष्ट. यंत्रं डालड्याच्या डब्यांची वाटायची, राक्षसाच्या पाठीवर सरळसरळ चेन होती, आणि यान ज्या दोरीला टांगलं होतं ती दोरी आमच्या मुंग्या आलेल्या काळ्यापांढऱ्या पडद्यावरसुद्धा दिसायची. मी आणि बँकेतले माझे दोन मित्र हसून लोळायचो. काका मात्र टोपी मांडीवर ठेवून देवळात बसल्यासारखे बसायचे. एकदा ते शांतपणे म्हणाले, “दोरी दिसते म्हणून दात काढताय? बोट दोरीवरच चालते रे. जिची दोरी दिसत नाही तिच्यावर मी पाय ठेवणार नाही.”

चुका त्यांनाही दिसायच्या, पण वेगळ्याच. एवढं मोठं यान, पण डेक धुताना कधी कोणी दिसत नाही. नवा ग्रह आला की कप्तान स्वतःच पहिला खाली उतरतो, हे कोणी शिकवलान त्याला? आणि सगळ्यात मोठा राग म्हणजे यानात भंडारी नव्हता. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. कप्तान आहे, डॉक्टर आहे, इंजिनवाला आहे, मग ही माणसं खातात काय, वारा? ती गोळ्या खातात, असं माझ्या बायकोने समजावलं, तेव्हा काकांना इतकं वाईट वाटलं की पुढ्यातले घावणे त्यांनी बाजूला सारले. मग थोडा विचार करून त्या उपाशी लोकांच्या वाटणीचेही दोन मागून घेतले.

नारळी पौर्णिमेला आम्ही मांडवीच्या जेटीवर गेलो, तर काकांच्या हातात दोन नारळ. एक नेहमीचा, दुसरा ‘त्या वरच्यांसाठी’. नवरा बोटीवर असताना काकींनी वर्षानुवर्षं इथूनच नारळ सोडलेला. त्यांनी विचारलं, “अहो, ती बोट पाण्यात कुठे चालते?” काका म्हणाले, “माणसं बाहेर आहेत ना? त्यांना घरी यायचंय ना? मग झालं तर.” तो दुसरा नारळ काकींनीच हातात घेऊन सोडला.

आणि मग मालिका बंद झाली. यानाचं इंजिन बंद पडलेलं, कप्तानाच्या कपाळावर घाम, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला भातावरच्या किडीची माहिती! त्यापुढच्या रविवारी लोकनृत्य. तरी काका दर रविवारी येत राहिले, वेळ संपेपर्यंत बसायचे आणि चहा न घेता जायचे. त्यांची स्वतःची बोट एकदा इंजिन बंद पडून अकरा दिवस वाहत होती, आणि इकडे काकींना काही म्हणता काही कळलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. “माणसं अशी मधेच सोडतात काय रे?” त्यांनी विचारलं. मला फार लाज वाटली. त्या दोरीला सगळ्यात मोठ्याने हसलेला मीच होतो.

बँकेच्या कामाला मुंबईला गेलो, तेव्हा परदेशात राहून आलेला एक सहकारी भेटला. तो म्हणाला, मालिका तिकडेच अर्धवट बंद पडली, यान घरी पोचलंच नाही. परतीच्या एसटीत रात्रभर मी त्याचाच विचार करत होतो. सकाळी घरी बॅगसुद्धा न ठेवता काकांच्या पडवीत गेलो आणि सांगून टाकलं, “काका, बोट पोचली. इंजिन सुरू झालं.”

काका सावकाश उठून बसले. “किती माणसं उतरली?”

“सगळी.”

“आणि भंडारी? त्याला उतरवलान ना कप्तानाने?”

“उतरवला की. शेवटी उतरला, मोठं पातेलं घेऊन.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. काका माझ्याकडे बघत राहिले. माझी थाप त्यांना कळली होती, आणि कळलीय हे मलाही दिसत होतं. मग ते हसले, डोळे पुसले आणि आत हाक मारली, “अगो, चहा टाक. पोचली हो माणसं.”

काका जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. परवा नातीने मोबाइलवर तीच मालिका शोधून काढली आणि दोरी बघून खिदळायला लागली. मी तिला काकांचं दोरीवरचं वाक्य ऐकवलं, पण तिला ते काही पटलं नाही. नसेना का. ती राक्षसाची चेन शोधत होती आणि मी चष्मा पुसून यानाचं मागचं दार बघत होतो, कुठे तो पातेलंवाला दिसतोय का ते.