समोरच्याची बाजू

संकेश्वरकर अक्का तुम्हाला तुमची बाजू कधी विचारतच नसत. समोरच्याची विचारत. कामगार खात्याच्या ऑफिसात बसून मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवायची, हे त्यांचं काम. मूळच्या निपाणीच्या, पण निम्मी हयात बेंगळुरूत गेलेली. कन्नडमध्ये दटावायच्या आणि मराठीत जीव लावायच्या. माझ्या वाट्याला दोन्ही आलं.

मी तेव्हा पुण्याहून नवा नवा येऊन बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात एचआर ऑफिसर झालो होतो. आनेकलच्या मंजुनाथला मशीनवर झोपल्याबद्दल आम्ही काढून टाकलं होतं. चौदा वर्षांची नोकरी त्याला परत हवी होती आणि ती मिळू द्यायची नाही, एवढ्यासाठी मला पाठवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, जाडजूड फाइल आणि आठवडाभर घोकलेलं भाषण घेऊन मी अक्कांच्या ऑफिसात हजर झालो. मंजुनाथ आधीच येऊन बसला होता.

"फाइल मिटा," अक्का म्हणाल्या. "आता तुम्ही मंजुनाथ. सांगा की, काय झालं?"

"मॅडम, मी कंपनीतर्फे..."

"कंपनी तो होईल. तुम्ही स्वल्प मंजुनाथ व्हा."

आता माझी एक खोड आहे. कॉलेजात मी एकांकिका करायचो आणि भूमिका मिळाली की मला राहवत नाही. मोडक्या कन्नडला हिंदीचं ठिगळ लावत मी मंजुनाथ झालो. आनेकलची खचाखच भरलेली बस आली, अंथरुणाला खिळलेली सासू आली, आवाजही कापला. त्या भरात बोलून गेलो, "पाळी संपली तरी सुपरवायझरने घरी सोडलं नाही, अक्का! सोळा तास उभा होतो मी!"

हे आमच्या फाइलमध्ये नव्हतं. हजेरीचा तो कागद मीच आदल्या दिवशी काढून ठेवला होता.

अक्का लिहीत राहिल्या. मंजुनाथ आ वासून माझ्याकडे पाहत होता. त्याची सासू चांगली ठणठणीत होती, पण बाकी सगळं खरं होतं.

मग तो कंपनी झाला. खुर्चीत ताठ बसला, कॉलर नीट केली आणि माझ्यापेक्षा दसपट चांगला एचआर निघाला. "प्रेस मशीनवर ह्याला डुलकी लागली आणि हात गेला, तर ह्याच्या बायकोला तोंड कोण दाखवणार? असला माणूस मी घेणार नाही!" म्हणत त्याने टेबलावर मूठ आपटली.

"सरी, ठीक," अक्का म्हणाल्या, "दोघंही दुसऱ्याची केस जिंकलात. आता लिहू काय?"

मंजुनाथ कामावर परतला आणि कुणालाही सलग दोन पाळ्या लावायच्या नाहीत, असं कंपनीने लिहून दिलं. सही करताना माझे साहेब एवढंच म्हणाले, "तुला कुणाच्या बाजूने पाठवलं होतं रे?"

तीन वर्षांनी कंपनीने मलाच नारळ दिला. आता मला माझी नोकरी परत हवी होती. फाइल घेऊन मी अक्कांकडे धावलो. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"तू अधिकारी होतास, बाळा. कायद्यात तू कामगार म्हणून बसत नाहीस. ह्या ऑफिसात तुझी केसच होत नाही बघ."

मी उठू लागलो.

"बस की. कॉफी सांगितलीय. तोवर कंपनीची बाजू सांग."

मी सांगितली. ऑर्डरी घटल्या, दोन विभाग एक केले, कुणाला तरी जावंच लागणार होतं. चांगली सांगितली. पण शेवटी आवाज कापला, तो काही एकांकिकेतला नव्हता.

अक्का पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्या टेबलामागून उठल्या आणि माझ्या शेजारच्या, कामगाराच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"आता मी तू," म्हणाल्या, आणि माझी बाजू सांगू लागल्या. पुण्याहून आलेला मुलगा, त्याची इस्त्री, त्याचं घोकलेलं भाषण. त्यात मंजुनाथ आला. मी फाइलमधून काढलेला कागदही आला, तो त्यांनी वगळला नाही. समोरची त्यांची स्वतःची खुर्ची आता रिकामीच होती. तरी अक्का तिच्याकडे बघून शेवटपर्यंत बोलल्या, आणि केस होत नसताना माझी केस पूर्ण ऐकली गेली.