काठाला बांधलेली बोट

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या ठाण्यातली कुठली चोरी, सांगता येत नाही. हे एक मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं आणि दर वेळी तितकाच धक्का देतं. ते खुनाचं नव्हतं, दरोड्याचंही नव्हतं. टीव्हीवरच्या एका सहलीच्या कार्यक्रमाविरुद्ध अर्ज आला होता. अर्ज वाचून आमचा ठाणे अंमलदार हसला होता. खरं सांगायचं तर मीही हसलो होतो.

तेव्हा पुण्यात घरोघर केबल पोहोचली होती. खराडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, तिथल्या पोरांना शनिवार-रविवार सुट्टी मिळायला लागली होती आणि शहराभोवती जिथे म्हणून पाणी साठलेलं दिसेल तिथे रिसॉर्ट निघत होती. रविवारी सकाळी एका मराठी वाहिनीवर अशा ठिकाणांची ओळख करून देणारा कार्यक्रम लागायचा. निवेदिका हसतमुख, साधी साडी, बोलणं आपल्या घरातल्यासारखं. आमच्या घरी पोहे खाता खाता सगळे तोच बघत असू. बाई सांगते म्हणजे ठिकाण चांगलं असणार, इतका सरळ हिशेब होता लोकांचा.

अर्ज देणारे गृहस्थ कर्वेनगरचे. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. "जय भीम साहेब," म्हणून समोर बसले. ठाण्यात पुढे सगळे त्यांना काकाच म्हणू लागले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

लग्नाच्या वाढदिवसाला कुठेतरी जायचं ठरत होतं. त्या रविवारच्या कार्यक्रमात धरणाच्या पाण्याकाठचं एक रिसॉर्ट दाखवलं. निवेदिका अंगात केशरी लाइफ जॅकेट घालून बोटीत बसली होती आणि म्हणत होती, "मलाही पोहता येत नाही हं, पण इथे अजिबात भीती वाटत नाही. पुढच्या वेळी आईलासुद्धा घेऊन येणार." काकूंना पाण्याची भयंकर भीती. काका त्यांना म्हणाले, "ती बघ, तिला तरी कुठे पोहता येतं? बसलीच ना?" शेवटी पडद्यावर आलेल्या नंबरवर फोन करून त्यांनी खोली घेतली.

तिथे धक्क्यावर काकू पुन्हा नको म्हणाल्या. बोट हलते, मी नाही बसत, म्हणाल्या. काकांनी त्यांना हाताला धरून बसवलं. जॅकेट कोणालाच दिलं नव्हतं. मध्ये पाण्यात बोट कलली आणि उलटली. काका उलट्या बोटीला धरून राहिले. काकू वर आल्याच नाहीत.

घटना ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतली. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती आणि चौकशी बंद व्हायच्या बेतात होती. रिसॉर्टच्या मालकाचा जबाब असा की, जॅकेटं पुरेशी होती, बाईंनीच घालायला नकार दिला. पुरावा म्हणून त्याने काय द्यावं? त्याच कार्यक्रमाची सीडी. बघा, टीव्हीवर दिसताहेत जॅकेटं. मेलेल्या बाईच्या माथी सगळं मारून मोकळा.

मी काकांना विचारलं, आपली नेमकी मागणी काय आहे?

"मला कोणाला फाशी नको जी," ते म्हणाले. "एवढंच शोधून द्या. त्या बोटीत ती बाई खरंच बसली होती का?"

"त्याने काय फरक पडेल?"

"ती बसून सुखरूप परत आली असेल, तर आमच्या वेळी अपघात झाला, असं म्हणेन. नशीब वगैरे आम्ही मानत नाही साहेब. म्हणून विचारतो."

मग माझं हसू गेलं. कार्यक्रम इथे बघितला, पैसे इथून भरले, म्हणून फसवणुकीचा अर्ज आमच्याकडे चौकशीला घेता येत होता. घेतला.

पहिल्यांदा निर्मात्याला बोलावलं. चित्रणाची मूळ टेप मागितली. "टेपा आम्ही पुन्हा वापरतो साहेब, पुसली गेली," तो म्हणाला. खोटं नसावं, त्या धंद्यात तसंच चालायचं. पुढे त्याने आपणहून जे सांगितलं त्याने मी उडालोच. वाहिनीकडून तो अर्धा तास हाच विकत घ्यायचा आणि त्यातली मिनिटं रिसॉर्टवाल्यांना विकायचा. कोणतं ठिकाण चांगलं, हे ठरवायला कोणी कुठे जातच नव्हतं. जो पैसे देईल ते ठिकाण चांगलं.

"मग ही जाहिरातच झाली की," मी म्हणालो. "तसं पडद्यावर लिहीत का नाही?"

"लिहिलं तर बघेल कोण?" तो म्हणाला. चेहऱ्यावर अपराधाची रेषसुद्धा नाही. चहा मागवू का म्हणून उलट मलाच विचारलं, माझ्याच ठाण्यात. अट्टल पाकीटमारसुद्धा साहेबासमोर थोडी मान खाली घालतो.

तेवढ्यावर प्रकरण अडकलं असतं. पण ठाण्यात एक फोन आला. आवाज दबका, नाव सांगायला तयार नाही. "साहेब, जॅकेटं कोणाची होती ते बघा," एवढंच बोलून ठेवून दिला. कार्यक्रमाच्या माणसांपैकीच कोणीतरी असणार. मी त्याला शोधत बसलो नाही. असे फोन करणाऱ्याला धरून आणलं की पुढचा फोन येत नाही, हा माझा अनुभव.

मालकाने दिलेल्या सीडीची प्रत ग्रामीण पोलिसांकडून मागवली आणि लावली. निवेदिका वळते त्या जागी चित्र थांबवलं. केशरी जॅकेटच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक खूण होती. हवालदाराने ती लगेच ओळखली, त्याचा मुलगा कॅम्पला गेला होता तेव्हा तसलंच आणलं होतं. गिर्यारोहणाचं आणि पोहण्याचं सामान भाड्याने देणारं शहरातलंच एक दुकान. दुकानदार अस्सल पुणेरी. आम्ही वर्दीत उभे, तरी आधी समोरच्या गिऱ्हाइकाचं काम संपवलं.

"जॅकेटं आमचीच," तो म्हणाला. "शूटिंगवाल्यांनी सकाळी नेली, संध्याकाळी परत आणली."

"ओली होती?"

"कोरडी ठणठणीत. मी म्हटलंदेखील, पाण्यात गेलाच नव्हतात तर नेलीत कशाला?"

दोन पंचांसमक्ष जॅकेटं ताब्यात घेतली, पंचनामा केला. हात पंचनाम्यावर चालत होता, डोक्यात दुसरंच चाललं होतं. जॅकेटं तिथे नाहीत, हे या लोकांना माहीत होतं. नाहीत म्हणून तर इथून नेली. चित्र काढलं आणि परत आणली. मागे राहिलेल्या बोटीत कोण बसणार, याचा विचार एकाच्याही मनात आला नाही.

उरला काकांचा प्रश्न. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, आपण घरी जायचं, असा नियम आहे. महिला हवालदाराला घेऊन मी निवेदिकेच्या फ्लॅटवर गेलो. टीव्हीवर दिसायची तशीच होती. तितकीच अदबशीर.

"बोटीत बसलात?"

"हो, बसले ना."

मोठ्या प्रश्नाला माणूस ठरवून उत्तर देतो. छोट्या प्रश्नाची तयारी केलेली नसते. मी विचारलं, "पलीकडच्या काठाला काय आहे हो? झाडी की नुसता खडक?"

ती थांबली. आठवत नाही म्हणाली. एवढ्यात तिची आई चहा घेऊन आली. रिसॉर्टचं नाव कानावर पडलं, तशी कौतुकाने म्हणाली, "तेच ना ते धरणाकाठचं? केव्हाची मागे लागलेय हिच्या, मला एकदा ने म्हणून. नको म्हणते. तिथे नको, आई, दुसरीकडे जाऊ म्हणते."

महिला हवालदाराने माझ्याकडे बघितलं. आईला कळेना आपलं काय चुकलं. मग निवेदिकेने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली.

"बोट काठाला बांधलेली होती," ती म्हणाली. "मी पाय ठेवला तर ती इतकी हलली की मी सांगितलं, यातून मी जाणार नाही. मला खरंच पोहता येत नाही. मग त्यांनी दोरीने बांधली आणि काठ दिसणार नाही असं चित्रण केलं."

अख्ख्या कार्यक्रमात बाईचं ते एकच वाक्य खरं होतं. मला पोहता येत नाही. तेच वाक्य ऐकून एक बाई पाण्यात गेली.

दुकानदार आणि निवेदिका, दोघांचे जबाब आणि पंचनामा मी ग्रामीण पोलिसांकडे पाठवला. मालकाचा पुरावा त्याच्याच अंगलट आला. निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला आणि 'बाईंनी नकार दिला' ही ओळ पुसली गेली. निर्मात्याचं मात्र काहीच करता आलं नाही. पैसे घेऊन कौतुक करणं आणि ते घेतले हे न सांगणं, याला सरकारी वकिलांना बसेल असं कलम सापडेना. मी त्यांच्याशी भांडलो, उपयोग झाला नाही. पुढच्या रविवारी कार्यक्रम ठरल्या वेळी लागला. निवेदिका नवीन होती. माझ्या बायकोने उठून टीव्ही बंद केला.

काकांना सांगायला मी स्वतः कर्वेनगरला गेलो. समोर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी काकूंचा फोटो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, मालकावर गुन्हा दाखल झाला याचं त्यांना थोडं समाधान वाटेल.

"म्हणजे तीही म्हणाली होती, बोट हलते म्हणून," ते म्हणाले.

"हो."

"नको म्हणाली."

"हो काका."

"तिचं ऐकलं त्यांनी," ते म्हणाले. "दोरीने बांधून दिली." मग फोटोकडे बघत बसले.

मी पाणी मागून प्यालो आणि उठलो.

नोकरीत मी खोटं बोलणारी माणसं खूप पाहिली. अशा खोट्याची सवय नव्हती, जे हसत हसत घराघरात शिरतं, कोणी पैसे दिले ते सांगत नाही आणि मग आपल्याच माणसाच्या तोंडून आपल्याशी बोलतं. काकूंना बोटीत टीव्हीने बसवलं नाही. टीव्हीवर विश्वास ठेवणाऱ्या नवऱ्याने बसवलं, आणि ते ओझं त्या भल्या माणसाला एकट्याला वाहावं लागलं.

आता निवृत्तीनंतर आम्ही सगळे मिळून सहलीला जातो. पाणी दिसलं की नातवंडांना बोटीत बसायचं असतं. दर वेळी कोणीतरी एक नको म्हणतं, कधी सून, कधी विहीणबाई. बाकीचे चिडवतात, काही होत नाही हो, चला. मी कोणाला चिडवू देत नाही. पिशव्या घेऊन त्यांच्याबरोबर काठावर बसतो.