साडेसातचं कौतुक

संध्याकाळी साडेसात वाजले की भिंतीपलीकडून दोन टाळ्या ऐकू यायच्या आणि मागोमाग खणखणीत आवाज, "चला, देवाचं कौतुक करून घेऊ. मागणी नंतर!"

आवाज शेजारच्यांचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून सातव्या मजल्यावरच्या साथीदाराला "थांब! खाली घे!" असं ओरडून सांगायची आयुष्यभराची सवय. त्यामुळे घरातही त्यांना हळू बोलता यायचं नाही. जोगेश्वरी पूर्वेला आमची चाळ पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हा त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक भिंत आली, आणि ती इतकी पातळ की त्यांच्या घरची प्रार्थना आमच्या घरात व्हायची. मी घरी फॉल-पिकोचं काम करते. मशीन चालू असलं तरी त्यांचा शब्दन्‌ शब्द मला कळायचा.

ते मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. त्यांची बायको अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नर्स. मोठा मुलगा आशिष, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलगी रूथ. सगळी इमारत त्यांना भाऊ आणि त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायची, म्हणून मीही.

प्रार्थना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच माझ्याही येत होतं. मिटलेले डोळे, पाठ केलेले शब्द. इथे तसं काही नव्हतं. चटईवर बसायचं आणि प्रत्येकाने देवाला आजची एक गोष्ट सांगायची, जी त्याने चांगली केली. एकच, पण आजचीच. कालची चालायची नाही.

"देवा, कोथिंबिरीला वास दिलास," भाऊ म्हणायचे. "नुसती हिरवी ठेवली असतीस तरी आम्ही तक्रार केली नसती. पण दिलास. छान केलंस."

दुसऱ्या दिवशी, "मी आठ दिवस झाले एका लिफ्टचा दरवाजा नीट बसवतोय, बसत नाही. आणि तू गोगलगायीला घर दिलंस ते दरवाजासकट. मानलं तुला."

मग रूथचा बारीक आवाज, "देवा, आज बाईंनी मला पुढे बसवलं. थँक्यू. आणि माझा दात हलतोय, तो पण छान आहे."

माझी मुक्ता रूथच्याच वयाची. खेळायला गेली की साडेसातला तिथेच बसून राहायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, आपण देवाला शाब्बास का नाही म्हणत? आपण नुसतं दे दे करतो."

माझ्या सासूबाई कणकवलीकडच्या. त्या भडकल्या. "देवाक शाबासकी देणारो ह्यो कोण?"

मलाही जरा धास्ती वाटली होती, खोटं कशाला बोलू? मी गेले बोलायला. भाऊ दारातच भेटले, हाताला ग्रीस लागलेलं. मी आडून आडून बोलत होते, ते त्यांनी लगेच ओळखलं.

"ताई, मी तिला काही शिकवत नाही. बसलेल्या पोरीला ऊठ म्हणवत नाही, एवढंच. तुम्ही नको म्हणालात तर उद्यापासून साडेसातच्या आत तिला घरी पाठवीन. राग नाही मला." मग चपला काढता काढता म्हणाले, "पण तुमच्या देव्हाऱ्यासमोर एकदा करून बघायला लावा तिला. त्याचंही कोणी कौतुक करत नसेल."

मी मुक्ताला थांबवलं नाही. पुढच्याच आठवड्यात दिवा लावताना सासूबाई पुटपुटताना दिसल्या, "म्हाराजा, आज बांगडे ताजे गावले. बरा केलंस." माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी आवाज बंद केला.

हे असं वर्षभर चाललं. मग आशिष पंधराचा झाला.

एका संध्याकाळी त्याची पाळी आली. मग तो म्हणाला, "आज काही चांगलं झालं नाही."

"शोध," भाऊ म्हणाले.

"नाही झालं तर काय शोधू? रोज खोटं खोटं बोलायचं? मला नाही करायचं हे, यार."

पुढे धडपड ऐकू आली. चटई सरकली. "बस! बस म्हणतो ना!"  मग रूथ मुसमुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्याकडे आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"ताई, काल मी चुकलो. पोराला दंडाला धरून बसवलं. दातावर दात दाबून बसला होता तो देवासमोर. असं कौतुक कोणाला हवंय?" मग म्हणाले, "साडेसातला तो तुमच्याकडे बसला तर चालेल? वीस मिनिटं. बाहेर भटकण्यापेक्षा बरं."

तेव्हापासून साडेसातला आशिष माझ्याकडे यायला लागला. कानात इयरफोन घालून साड्यांच्या ढिगाशेजारी बसायचा, वह्या पसरायचा. भिंतीपलीकडे टाळ्या वाजायच्या आणि हा मान खाली घालून गणितं सोडवायचा. मी त्याला काही विचारलं नाही. भाऊंनीही कधी आवाज चढवून त्याला ऐकू जाईल असं काही म्हटलं नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम कान देऊन असायची, म्हणून सांगते.

सहा-सात महिने असे गेले असतील. एक दिवस आशिषने कानातला इयरफोन काढला आणि मला म्हणाला, "काकी, पप्पांचा आवाज बसलाय."

"सर्दी असेल रे."

"नाही. पंधरा दिवस झाले. शेवटचा शब्द त्यांना सोडून द्यावा लागतो. रोज ऐकतोय मी."

रोज ऐकतोय. मी मशीनवरचा पाय काढला. त्या इयरफोनमध्ये गाणं कधी लागतच नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं.

त्यानेच आईच्या मागे लागून भाऊंना डॉक्टरकडे न्यायला लावलं. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल तो परत येणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी साडेसातला मशीन बंद ठेवलं. भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देवा, बेचाळीस वर्षं आवाज दिलास. मोठा दिलास. सात मजले पोचायचा." पुढे त्यांना बोलवेना. वहिनीने आमेन म्हटलं. आशिष माझ्याकडेच होता. वहीवर पेन्सिल टेकवून बसला होता, पण लिहीत नव्हता.

भाऊ घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा कपडा बांधून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्याचा तो घरघरणारा आवाज ऐकून रूथ घाबरून आमच्याकडे पळाली. त्यांनी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं आणि रूथची पाटी मागून घेतली.

त्या संध्याकाळी वहिनी ड्यूटीवर होती. मी रूथसाठी वरण-भात घेऊन गेले होते. साडेसात वाजले. भाऊंनी दोन टाळ्या वाजवल्या, चटईवर बसले, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि रूथपुढे धरलं. रूथ दुसरीतली. छापील अक्षरं कशीबशी लावणारी. त्यातून भाऊंचं अक्षर म्हणजे तारांचा गुंता. ती पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मलाही ते लागेना.

आशिष आमच्याकडे जायला निघालेला, दारात चप्पल घालत होता. त्याने आमचं ते चाचपडणं पाहिलं. आत आला, उभ्या उभ्याच पाटी घेतली.

"मी नुसतं वाचणार आहे हां," तो म्हणाला. "प्रार्थना करत नाहीये. माझं काही नाही त्यात."

भाऊंनी पाटी मागून घेतली, एक शब्द लिहिला आणि परत दिली.

"चालेल," आशिषने मोठ्याने वाचलं. रूथ फिदीफिदी हसली. मग मीही हसले. भाऊंचे खांदे हलत होते. हसण्याचा आवाज नव्हता, पण ते खूप हसत होते.

तेव्हापासून वाचायचं काम आशिषकडे आलं. आधी उभ्याने, मग दाराजवळ बसून, मग कधीतरी चटईवर. मी भिंतीपलीकडून ऐकायची. भाऊंचं बोलणं आता त्याच्या नुकत्याच फुटलेल्या आवाजात यायचं. "देवा, आज पेज नळीतून न देता चमच्याने दिली. जिरं कळलं. जिरं छान केलंस." वाक्य संपलं की पाटी पुसल्याचा आवाज.

एकदा मी तिथेच होते. आशिष वाचायला लागला, "देवा, आज आशिषने माझ्या गळ्याचा कपडा बदलला. त्याचे हात..." आणि थांबला. "हे नाही वाचणार मी."

भाऊंनी बोटाने पाटीवर टकटक केलं.

"पप्पा, नाही ना."

पुन्हा टकटक.

आशिषने पाटी तोंडासमोर धरली. आम्हाला त्याचा चेहरा दिसू नये म्हणून असावं. "त्याचे हात थरथरत होते, पण त्याने नीट बांधलं. तू त्याला चांगले हात दिलेस. आमेन." मग पाटी खाली ठेवून तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. भाऊ मात्र तृप्त दिसत होते. मला हाताने खूण केली, बसा, जाऊ नका.

दीड वर्ष मिळालं. त्यात ते कामावरही जाऊन आले. साथीदाराला शिट्टीने इशारे द्यायला शिकले होते, आणि श्वास आता गळ्याच्या भोकातून जायचा म्हणून शिट्टी तोंडाने नाही तर रबरी फुगा दाबून वाजवायची युक्ती त्यांनीच काढली होती. नंतर दुखणं परत आलं आणि या वेळी फुफ्फुसात उतरलं. शेवटचे दोन महिने वाईट गेले. लिहायलाही त्राण नसायचं. पाटीवर नुसती रेघ ओढायचे आणि आशिष त्या रेघेचंच वाक्य करून वाचायचा. वहिनी त्यालाही आमेन म्हणायची. 

ते गेले ते सकाळी, वहिनीच्याच हॉस्पिटलात, तिचा हात धरून. दफन दुपारी झालं.

संध्याकाळी घर नगरच्या पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी चहाचे कप गोळा करत होते. सासूबाई रूथला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेसात झाले. कोणीतरी म्हणालं, चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना करावी. पाळक उठून उभे राहिले, तेवढ्यात रूथ म्हणाली, "आमच्याकडे दादा वाचतो."

सगळे आशिषकडे बघायला लागले. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता.

"काय वाचू?" तो म्हणाला. "लिहिलंय कोणी?"

पाळक शहाणे होते. ते खाली बसले.  खाली रिक्षावाल्यांचा आवाज चालला होता. वहिनीने मुलाकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत राहिली.

मग आशिष सरकत सरकत चटईवर आला. त्याने रिकामे हात मांडीवर ठेवले.

"देवा," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक, बापासारखा मुळीच नाही. "आज पप्पांना दुखत नाहीये." त्याने रूथकडे पाहिलं. "आज दिवसभर नाही दुखलं. हे... हे चांगलं केलंस."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या हातात पाच-सहा कप होते. ते तसेच जमिनीवर ठेवून मी हात जोडले.