आईनं पास केलेली आवृत्ती

बिबवेवाडीच्या दीपमाला कांबळेनं वाचनालयांसाठी पुस्तकांची देवघेव नोंदवणारं मोफत वेब-अ‍ॅप बनवलं. त्याचा कोडही कुणालाही बघायला, बदलायला खुला. चाळीस गावं ते वापरतात. पण आईनं पास केल्याशिवाय ती नवी आवृत्ती प्रसिद्ध करत नाही. आईनं, म्हणजे दुर्गाबाईंनी, तीस वर्षं बुद्धविहारातलं वाचनालय चालवलेलं. या वेळी तपासताना त्यांनी मुद्दाम एकच प्रत दोन वाचकांच्या नावावर चढवली, आणि अ‍ॅपनं हूं की चूं केलं नाही!

"पुस्तक फाडून वाटायचं का गं?"

दीपमालानं कान पकडले, चूक दुरुस्त केली आणि आवृत्ती प्रसिद्ध केली. सोबतच्या बदलांच्या यादीत पहिलीच ओळ होती: 'चूक माझी, पकडली आईनं.'

दुर्गाबाईंनी ती दोनदा वाचली. मान ताठ झाली, पण शेरा आलाच:

"आई घरात. इथं ग्रंथपाल लिही."