आण्णांनी न विचारलेलं पाकीट

परवा भाचीचा, म्हणजे थोरल्या चुलत बहिणीच्या मुलीचा फोन आला. एमसीए रेग्युलर करू की डिस्टन्सने, असं विचारत होती… मग सहज म्हणाली, मावशी, तू डिस्टन्सने का केलीस गं? सोयीचं होतं, असं सांगून मी विषय बदलला.

खोटं बोलले. खरं कारण इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आज इथे लिहितेय.

वसमतजवळ, हट्ट्याच्या अलीकडे आमचं गाव. माझे वडील, आण्णा, गावचे पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली… एक टेबल, वजनकाटा, शिक्के आणि एसटीने येणारी टपालाची थैली.

आण्णांचा कायदा एकच. पाकीट म्हणजे लोकांची अमानत, कुणाला कुठून आलं ते विचारायचं नाही. लहानपणी मी शेजारच्या काकूंचं पोस्टकार्ड वाचलं होतं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

दोन हजार तीन साली मी बी.एस्सी. झाले आणि एमसीएची एन्ट्रन्स दिली. त्याच उन्हाळ्यात आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. घरातल्या कुणीतरी बदली काम केलं तरच त्यांची नोकरी टिकणार होती. माय अंगठेबहाद्दर, बहीण शाळेत… राहिले मी.

मग थैली मी उघडायला लागले. आण्णा त्याच खोलीत बाजेवर पडून असायचे.

जुलैत एका दुपारी थैलीतून माझ्याच नावाचं रजिस्टर पाकीट निघालं, औरंगाबादच्या कॉलेजचं. एमसीएला माझा नंबर लागला होता. आधी हसूच फुटलं… मग बाजेकडे पाहिलं. आण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

पोस्टमास्तर म्हणून मी ते पाकीट मलाच दिलं, पावतीवर सही केली आणि आत जाऊन चुलीत घातलं. जेवताना सांगितलं, नंबर लागला नाही. नशीब एकेकाचं, असं म्हणून मायने भाकरी वाढली.

नंतर वसमतच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांनी डिस्टन्स एमसीएचं प्रॉस्पेक्टस दिलं. सेंटर नांदेडला, प्रॅक्टिकल रविवारी… आणि रविवारी पोस्ट बंद. एवढं एकच पाहून मी फॉर्म भरला. कोर्स कसा आहे, पुढे किंमत किती, कशाचाच विचार केला नाही. काकू म्हणाल्या, डिग्री टपालाने येती तर नवराबी टपालानेच मागव. सगळ्यांबरोबर मीही हसले.

पुस्तकांचं पार्सल यायचं, ते मीच फोडायचे. घरी कॉम्प्युटर नव्हता. जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचे आणि रविवारी नांदेडला जाऊन चालतो का ते पाहायचे. बहुतेक वेळा चालायचा नाही.

तिकडे माझी मैत्रीण औरंगाबादला होस्टेलवर राहून हेच शिकत होती. तिची पत्रं यायची, लॅबबद्दल, मैत्रिणींबद्दल. वाचून मला तिचा राग यायचा, मग स्वतःचाच. आण्णांचाही यायचा… हे आज पहिल्यांदा कबूल करतेय.

चार वर्षांनी डिग्री आली, तीही रजिस्टरने. तोवर आण्णा काठी धरून उठबस करायला लागले होते. थैलीतून मी पाकीट काढलं आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

"ह्ये पाकीट तरी दाव बापाला."

म्हणजे त्या दुपारी ते झोपलेले नव्हते. औरंगाबादचं पाकीट, माझी सही, चुलीतला जाळ… सगळं त्यांना ठाऊक होतं. मग तेव्हा विचारलं का नाही, एवढंच मी कसंबसं म्हणाले. मला वाटलं, आता ते अमानतीचं सांगतील.

"अमानत-बिमानत काई न्हाई," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. "तू गेलीस तर आमचं कसं हुईल, म्हनून भ्यालो व्हतो. जा म्हनायला पायजे व्हतं मंगल… म्या झोपल्याचं सोंग घेतलं."

मग बराच वेळ ते डिग्री मांडीवर घेऊन बसले. माझं नाव कुठे आहे ते विचारून त्यावरून बोट फिरवलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आण्णा गेले. आण्णा, माझ्या मनात राग नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत राहिले… राहून गेलं.

पुढे त्याच डिग्रीवर नोकरी लागली, संसार झाला. तक्रार करावी असं काही नाही.

भाचीला ही पोस्ट पाठवतेय. बाळा, रेग्युलर कर नाहीतर डिस्टन्सने कर, शिकणारा कुठेही शिकतो. फक्त कॉलेजचा मेल आला की तो घरात सगळ्यांसमोर वाच. फार तर सगळे मिळून रडाल… आम्ही बापलेक चार वर्षं एकाच खोलीत वेगवेगळे रडलो.