सूड घ्यायला नेमलेला माणूस

आमच्या कारखान्यात जो क्रेन चालवायचा, त्याला आम्ही घार म्हणायचो. दिवसभर छताखालच्या केबिनमध्ये बसून तो खाली नजर ठेवायचा, म्हणून. बोलायचा कमी. हात मात्र इतका हलका, की लोखंडी साचा जमिनीला टेकला तरी आवाज व्हायचा नाही. हे सोपं नाही. लोंबतं वजन झोके घेतं. झोका ओळखून क्रेन त्याच्यामागे न्यावी लागते. ज्याला घाई असते त्याला ते कधीच जमत नाही.

त्याचा धाकटा भाऊ खाली पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर होता. एकदा रुंद पत्र्याचं काम आलं. पत्रा आत जाईना, म्हणून फोरमनने प्रेसची संरक्षक जाळी काढायला लावली. काम संपलं, जाळी भिंतीला टेकून तशीच राहिली. त्याच आठवड्यात भाऊ प्रेसखाली सापडून गेला. चौकशीत ठरलं की कामगार बेसावध होता. फोरमन आपल्या जागेवर राहिला.

तेव्हापासून सगळ्यांनी मिळून सुडाचं काम घारीवर सोपवलं. त्याला कुणी विचारलं नाही. चहाच्या वेळी कुणीतरी हटकायचंच, "काय रे, तुझा पिक्चर कधी लागणार?" घरी दोन खोल्या, त्यात तो आणि विधवा भावजय. ताट वाढताना ती रोज एकच वाक्य बोलायची. "तो तुमच्या डोळ्यांसमोर फिरतो, भावजी." एवढंच, आणि आत जायची.

सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याला सुडाचा सिनेमा बघायला ओढून नेलं. नायक बायकोच्या खुन्यांना एकेक करून संपवत होता. चौथा पडला तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. घार हाताची घडी घालून बसला होता.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चौथ्याने काय केलं होतं? दार उघडलं होतं. सांगितलं म्हणून."

मी म्हटलं, इतका विचार केलास तर तिकीट वाया जाईल.

तो हसला नाही. "ती जाळी माणसांना उचलवणारी नव्हती. फोरमनने खालून हात केला, मी उचलली."

खरं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. कुणाच्या डोक्यात मात्र आलं नव्हतं.

काही दिवसांनी फोरमन लोंबत्या साच्याखाली शिरला. खालचा लाकडी ठोकळा सरकला होता, तो सारखा करायला वाकला. वजनाखाली जायचं नाही, हे तोच नवीन पोरांना शिकवायचा. वाकल्या वाकल्याच त्याने सवयीने तळहात खाली दाबला. आमच्या कामात त्याचा अर्थ, सोड. क्रेनवाल्याने खुणेवर चालायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. घारीने वजन सोडलं असतं तर पुन्हा चौकशीत मेलेलाच बेसावध ठरला असता. हातातलं काम टाकून आम्ही वर बघत राहिलो. ओरडलं कुणीच नाही, मीही नाही.

साचा तिथेच थांबला. झोकासुद्धा नाही. मग वरून क्रेनची घंटा वाजली, आणि फोरमन बाजूला झाल्यावरच थांबली. त्या दिवशी चहाला घारीशेजारी कुणी बसलं नाही. जणू त्याने आम्हाला फसवलं होतं.

संध्याकाळी त्याने भावजयीला सगळं सांगितलं. हा प्रसंगही, आणि जाळी कुणी उचलली तेही. हे मला त्यानेच दुसऱ्या दिवशी क्रेनच्या शिडीखाली सांगितलं.

तिने ताट नेहमीसारखंच वाढलं. म्हणाली, "जाळीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याला मारलं असतंत तर तुम्हीही तुरुंगात गेला असतात. मला सूड तुम्हा दोघांवरही हवा होता."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"भाजी मागितली."

ती कुठे जाणार होती? त्याला तरी कुठे जागा होती? भोंगा झाला. तो शिडी चढून केबिनमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि खाली बघत बसला. फोरमनने हात केला.

निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता. जेवायला रोज घरी.